डेबियन बगची सिव्हिअरिटी: ग्रेव्हचे गुण खोटे निघाले

डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या बग-रिपोर्टचा मजकूर वाचून बगची सिव्हिअरिटी, म्हणजे गांभीर्याची पायरी, ओळखणारं मॉडेल बनवण्याचं काम चालू आहे. मागच्या अपडेटमधला 'ग्रेव्ह' या पायरीचा एफ-वन (मॉडेलच्या कामगिरीचा गुण) विसरा. मॉडेल सरळसरळ कॉपी करत होतं.

लिनिअर-एसव्हीसी या वर्गीकरण-मॉडेलचे कोइफिशंट (प्रत्येक शब्दाचं वजन) उतरत्या क्रमाने छापले, तर ग्रेव्हच्या यादीत सगळ्यात वर 'पॅकेज अनयूजेबल' हा बायग्राम (शब्दांची जोडी). हे शब्द रिपोर्ट लिहिणाऱ्याचे नसतात. रिपोर्टबग या बग कळवण्याच्या प्रोग्राममध्ये ग्रेव्ह निवडलं की तो कारण विचारतो आणि 'जस्टिफिकेशन: रेंडर्स पॅकेज अनयूजेबल' ही ओळ स्वतःच चिकटवतो. 'सिव्हिअरिटी:' ही ओळ, म्हणजे उत्तरच, आधीच काढली होती, तिची ही जुळी बहीण राहून गेली.

एकेक ओळ रेजेक्सने (मजकुराचा नमुना देऊन) टिपत बसण्यात अर्थ नाही. बगचा मूळ मेल असलेली डॉट-रिपोर्ट फाइल पायथनच्या ईमेल मॉड्यूलने उघडा, पहिला टेक्स्ट-प्लेन भाग घ्या आणि गेट-पेलोडला डीकोड ट्रू द्या. नाहीतर बेस-६४ एन्कोडिंगचा मेल कचरा होतो आणि क्वोटेड-प्रिंटेबल एन्कोडिंगमध्ये लांब ओळी '=' वर तुटतात. मग पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचं सगळं उडवा. 'कंट्रोल: सिव्हिअरिटी -1 सिरियस' ही सिव्हिअरिटी ठरवणारी आज्ञासुद्धा तिथेच लपलेली असते. फक्त आधी 'पॅकेज:' किंवा 'सोर्स:' आहे ना ते बघा. पीजीपीने (डिजिटल सहीच्या साधनाने) सही केलेल्या मेलमध्ये पहिली रिकामी ओळ 'हॅश:'च्या खाली येते, त्यामुळे कात्री तिथेच चालते आणि स्यूडोहेडर ('पॅकेज:'सारख्या सुरुवातीच्या ओळी) जसेच्या तसे उरतात. दोन तास यातच गेले. तळाचं '-- सिस्टम इन्फर्मेशन:' पासून पुढचंही कापा. कर्नलच्या आवृत्तीवरून मॉडेल साल ओळखतं, बग नाही.

'सिरियस' या पायरीची गत तीच. पॅकेजची सगळी आर्काइव्ह रीबिल्ड करून टाकलेले एफटीबीएफएस (सोर्सपासून बिल्ड न होण्याचे) बग एकाच साच्यातले, म्हणून रँडम स्प्लिटमध्ये एकच मजकूर ट्रेनिंगलाही आणि टेस्टलाही. तारखेने तोडूनही सुटका नाही, कारण साचा वर्षानुवर्षं तोच. साच्यागणिक ग्रुप-के-फोल्ड लावल्यावर (एका साच्याचे बग ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये विभागू न देता) सिरियसचा आकडा आपटला, पण यादीत 'ट्राइंग टू ओव्हरराइट' वर आलं. डीपीकेजी या पॅकेज-इन्स्टॉलरचा फाइल-कॉन्फ्लिक्ट (दोन पॅकेजमध्ये एकच फाइल)! हा खरा सिग्नल.

ऑर्डिनल रिग्रेशनचा (पायऱ्यांना चढता क्रम मानणाऱ्या मॉडेलचा) बेत मात्र रद्द. सिव्हिअरिटीच्या या सात पायऱ्या एका जिन्याच्या नाहीतच. डेबियन पॉलिसीतला 'मस्ट' (बंधनकारक नियम) मोडला की सिरियस, मग वापरणाऱ्याला काडीचा त्रास नसला तरी. बर्ट हे न्यूरल भाषा-मॉडेलही तूर्त नको: त्याचे ५१२ टोकन (शब्दांचे तुकडे) बिल्ड लॉगच खाऊन टाकतो, आणि अशी चोरी कोइफिशंट बघून जितकी चटकन सापडते तितकी तिथे सापडत नाही.

हे लिहिताना सुचलं: 'नॉर्मल' ही पायरी डिफॉल्ट आहे, म्हणजे बऱ्याचदा कुणी काही ठरवलेलंच नसतं. तर टेस्टसेटमध्ये फक्त सिव्हिअरिटी बदललेले बग घ्यावेत. बगच्या डॉट-लॉग फाइलमध्ये 'सिव्हिअरिटी सेट टू… फ्रॉम…' अशी नोंद असते, तिथे निदान एका माणसाने विचार केलेला असतो. नमुन्याला डीबी-एच या बग साठवणाऱ्या फोल्डरमधले ००, ०१, ०२ हे तीन फोल्डर पुरतील. बगक्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर विभागणी असल्याने जुने-नवे बग आपोआप मिसळलेले मिळतात. स्क्रिप्ट लावली आहे.