तुम्ही विचारलंत म्हणून : विद्यार्थ्यांच्या परिषदेत मिळतं काय?

परवा विट्याहून एका वडिलांचा फोन आला. मुलीनं यंदा गणितात पीएच.डी.ला प्रवेश घेतलाय आणि तिला आमच्या सांगलीच्या परिषदेला यायचंय. ते म्हणाले, "मॅडम, बोलणारी पण विद्यार्थी, ऐकणारी पण विद्यार्थीच. मोठं माणूस कुणी नाही. मग पोरीला तिथं मिळणार काय?" हाच प्रश्न विभागप्रमुखांनी विचारलाय, हॉल मागायला गेल्यावर प्राचार्यांनी विचारलाय, आणि माझी आई तर दरवर्षी विचारते. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

डिसेंबरात दोन दिवस, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतले गणिताचे पस्तीस-चाळीस संशोधक विद्यार्थी जमतात. वेळापत्रक, जेवण, राहायची सोय, खडूच्या पेट्या, सगळं आम्हीच बघतो. पावसाळ्यात तारीख धरायची नाही हे २०१९ चा पूर पाहिलेल्यांना सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं की या गावात दुसरा विषय नसतो. बोलणाऱ्या प्रत्येकाला फळ्यापुढं वीस मिनिटं आणि प्रश्नांना दहा. उद्घाटन नाही, शाल-श्रीफळ नाही. आणि पहिल्या दिवशी कुणाच्याही गाईडनी हॉलमध्ये बसायचं नाही. या शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त नाराजी झाली, आणि तोच नियम मी सगळ्यात जास्त जपलाय.

त्याचं कारण सांगायचं तर आधी माझी पहिली परिषद सांगावी लागेल. नाव सांगत नाही. तेव्हा पीएच.डी.साठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१६ ची नियमावली होती: प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून यायला हवा आणि दोन परिषदांत निबंध वाचायला हवा. त्या दोनांतला एक वाचायला मी पहाटेची एसटी धरून गेले. सकाळचं सत्र सत्कारात गेलं. माझी पंधरा मिनिटं दुपारी सात झाली. मी बोलले, अध्यक्षांनी "एनी क्वेश्चन्स?" म्हणून दोन्हीकडं पाहिलं, कुणी हात वर केला नाही, टाळ्या झाल्या, सर्टिफिकेट मिळालं. परतीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसले होते आणि मला कळत नव्हतं की मी केलेलं बरोबर आहे की चूक. दीड वर्षाचं काम होतं ते. त्या हॉलमधल्या एकाही माणसानं त्यात बोट घातलं नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी आम्ही अकरा जण एका रिकाम्या वर्गात जमलो. परिषद वगैरे नावही नव्हतं. मी तोच निबंध फळ्यावर मांडायला घेतला. दुसऱ्या लेमापाशी, म्हणजे मुख्य निकालासाठी लागणाऱ्या छोट्या प्रमेयापाशी, एक ओळ होती, सीमा इंटिग्रलच्या आत घेतली होती, आणि शेजारी कंसात 'डॉमिनेटेड कन्व्हर्जन्सने' असं लिहिलं होतं. मागच्या बाकावरून साताऱ्याकडचा एक मुलगा म्हणाला, "ताई, एक विचारू? डॉमिनेट कोण करतंय?"

मी फळ्याकडं वळले. कुणीच करत नव्हतं.

गणितात नसलेल्यांसाठी थोडं सांगते, कारण सगळा मुद्दा इथंच आहे. अशी एक आकृती घ्या: ० पासून १/n पर्यंत उंची n, पुढं १ पर्यंत सगळं शून्य. क्षेत्रफळ १. आता n वाढवत जा. टेकडी अरुंद होते तेवढीच उंच होते, म्हणजे क्षेत्रफळ दर वेळी १ च. पण ० आणि १ च्या मधला कुठलाही एक बिंदू धरून उभं राहा. कधी ना कधी टेकडी तुमच्या डावीकडं सरकून जाते आणि तुमच्या जागी शून्य उरतं. शेवटी सगळीकडं शून्य. क्षेत्रफळांची सीमा १ आणि सीमेचं क्षेत्रफळ ०. लेबेगचं प्रमेय, म्हणजे तेच कंसातलं 'डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स', म्हणतं की असा घोटाळा होणार नाही, पण एका अटीवर: त्या सगळ्या फलनांच्या डोक्यावर एकच छप्पर, म्हणजे त्यांना डॉमिनेट करणारं एक फलन, हवं, आणि त्या छपराखालचं क्षेत्रफळ मर्यादित हवं. माझ्याकडं छप्पर नव्हतं. मी प्रमेयाचं नाव लिहिलं होतं आणि पुढं गेले होते.

मी ती ओळ निदान चार वेळा तपासली होती. सरांनीही वाचली होती. 'बाय डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स' हे इंग्रजीत इतकं गुळगुळीत वाचलं जातं की नजर घसरून पुढं जाते. 'डॉमिनेट कोण करतंय' असं कुणी मराठीत विचारलं की कर्ता दाखवावा लागतो. तेव्हापासून आमच्याकडं स्लाईड इंग्रजीत असली तरी शंका मराठीत विचारायची, असं आपसूकच पडलंय.

वर्गाबाहेर चहा घेताना मी त्या मुलाला म्हटलं, बरं पकडलंस. तो ओशाळला. म्हणाला, "पकडलं नाही हो. मी पण महिनाभर त्याच जागी अडकलोय. म्हटलं तुमच्याकडं ते फलन असेल, तर मागून घ्यावं." हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्याच्या प्रश्नात परीक्षा नव्हती, गरज होती. आणि पुढं तो म्हणाला, "तुमचे सर बसले असते तर मी विचारलं नसतं." का, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. सरांपुढं ताईची चूक दिसेल, ताईपुढं सरांची. आपल्याकडं माणसं एकमेकांची एवढी अदब राखतात, आणि ती राखताना चूक तशीच जपून ठेवतात. गाईडना पहिल्या दिवशी बाहेर ठेवण्याचा नियम तिथं जन्मला. दुसऱ्या दिवशी ते येतात, व्याख्यान देतात, आणि खरं सांगायचं तर तोवर पोरांची भीड चेपलेली असल्यानं त्यांनाही चांगले प्रश्न मिळतात.

तो लेमा दुरुस्त करायला मला चार महिने लागले. एक जादा अट घालावी लागली, निकाल आधीपेक्षा लहान झाला, पण आता तो उभा आहे.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर २०२२ च्या नव्या नियमावलीत यूजीसीनं ती निबंधवाचनाची सक्ती काढून टाकली. तेव्हा काहींना वाटलं, आता कोण येतंय. पण आमच्याकडं यायचं लोकांनी थांबवलं नाही, कारण आमच्याकडं कागदासाठी कुणी येतच नव्हतं.

आणि 'मोठं माणूस' म्हणाल तर मला द. रा. कापरेकर आठवतात. देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आलेल्या उत्तरावर (तीन अंकी आलं तर पुढं शून्य धरून) पुन्हा तेच करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत जाऊन सांगितलं. शाळेच्या फळ्यावर ते त्यांना ठाऊक होतंच. तरी मद्रासपर्यंत जावंसं वाटलं, कारण गणित दुसऱ्या कुणी पडताळून पाहिल्याशिवाय आपलं आपल्यालाच पुरत नाही. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी घरात, गावात, कधी कधी पूर्ण विभागात, तुम्ही काय करताय ते कळणारं एकही माणूस नसतं. हा एकटेपणा बाहेरून दिसत नाही. तुमच्या मुलीला तो अजून यायचाय.

म्हणून तिला पाठवा. काही सिद्ध होईपर्यंत थांबू नका. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही अडलेली जागाच मांडायला सांगतो. जिथं पेन थांबलंय ते पान तिनं आणावं, झेरॉक्स नको, तिच्या हस्ताक्षरातलं. राहायला मुलींची सोय कॉलेजच्या वसतिगृहात आहे. दुपारी भाकरी आणि भरलं वांगं असतं, संध्याकाळी भडंग आणि चहा, आणि खरी परिषद त्या चहाच्या वेळी फळ्यापाशी सुरू होते. विट्याहून सकाळची एसटी धरली तर पहिल्या सत्राला ती पोचेल. स्टँडवर आमचं कुणीतरी उभं असेल.