सायनस जुना, आणि आता एकाचे दोन दिसतात

“सायनस तर कित्येक वर्षांचा आहे, पण हल्ली एकाचे दोन दिसतात. नंबर वाढला असेल का?” सोलापुरात यंत्रमागाच्या खात्यात काम करणारे हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

चष्म्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा आणि एकेक डोळा तळहाताने झाका. एकाच डोळ्यानेही दोन दिसली, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच आहे: मोतीबिंदू, बुबुळाचा दोष किंवा चष्मा. कोणताही डोळा झाकल्यावर दुसरं घड्याळ नाहीसं होत असेल, तर दोन्ही डोळे एका रेषेत राहिलेले नाहीत. सायनसवर संशय घ्यायचा तो इथे.

डोळ्याच्या खोबणीला वरून, आतल्या बाजूने आणि खालून सायनसचाच, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांचाच, शेजार आहे. नाकाकडची भिंत तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. कपाळातल्या सायनसचं तोंड वर्षानुवर्षं बंद राहिलं की आत स्राव साठून पिशवी फुगते, हाड झिजवते आणि डोळ्याला खाली-बाहेर ढकलते. बरेचदा दुखत नाही, म्हणून जुना फोटो शेजारी धरून बघा. गालातला सायनस उलटं करतो. कोंडलेली हवा शोषली जाते, भिंती आत ओढल्या जातात, डोळ्याखालचं हाड खचतं आणि डोळा आत जातो. मग दोन घड्याळं वर-खाली दिसतात.

सगळ्यात फसवा तो कवटीच्या मधोमध असलेला स्फिनॉइड. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस त्याच्या शेजारून जाते. ती दबली की लांबचं बघताना वस्तू शेजारी-शेजारी दोन दिसतात. नाक मोकळं असतं, फक्त डोक्यात खोल ठणका. साध्या एक्स-रेमध्ये हा सायनस नीट दिसत नाही, म्हणून सीटी पीएनएसच, म्हणजे सायनसचा सीटी स्कॅनच, करा. नसेचा संशय असेल तर काँट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला, एमआरआयही लागतो. साखरही तपासा. मधुमेहात हीच नस सायनसशिवायही लुळी पडते आणि बहुतेकदा तीन-चार महिन्यांत सुधारते.

पण साखर वाढलेली, गाल बधिर, पापणी सुजलेली किंवा नाकात काळी खपली असेल, तर काळ्या बुरशीची शंका धरा. 2021 साली तिने किती डोळे नेले ते आठवा. ताप येऊन डोळा लाल झाला, पुढे आला किंवा रंग फिके दिसू लागले, तरीही सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री सिव्हिल गाठा.

फुगलेली पिशवी वाफाऱ्याने जात नाही. दुर्बिणीने सायनसचं तोंड उघडावं लागतं. ऑपरेशननंतर नाक धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा, घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी न उकळता नाकात घालू नका, त्यातून जीवघेणा अमीबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

दोन दिसणं दुसऱ्या दिवशी थांबेलच असं नाही. दबलेल्या नसेला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर एक डोळा झाकून काम चालवा, पण गाडी चालवू नका. दोन प्रतिमा एकत्र आणणारा प्रिझमचा कायमचा चष्माही डोळा स्थिरावल्यावरच करा.