प्लिमथला हाउलंड घराण्याच्या मागावर (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

आमच्या सुनेच्या माहेरी पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आपण मेफ्लॉवरवाल्या जॉन हाउलंडचे वंशज. मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्यांना अमेरिकेत प्लिमथला घेऊन आलेलं जहाज. १६२० साली त्या जहाजावर १०२ प्रवासी होते, पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे वारले, आणि हा जॉन तर त्याआधीच वादळात समुद्रात पडलेला, लोंबणारा दोर हाताला लागला म्हणून वाचला, त्या वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड, त्याने तसं लिहून ठेवलंय. पण घरातलं सांगणं वेगळं आणि कागद वेगळा, म्हणून यावेळी मुलाकडे गेले तेव्हा आम्ही सासूसुना बॉस्टनहून प्लिमथला गेलो.

आधी घरूनच तयारी करा. पहिल्या पाच पिढ्यांचं काम मेफ्लॉवर सोसायटीच्या (वंशजांची संस्था) 'सिल्व्हर बुक्स' या वंशावळीच्या पुस्तकांमध्ये झालेलं आहे, ते परत करत बसू नका. आपल्यापासून मागे जायचं, प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यूचा कागद लावत. फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदींची वेबसाइट मोफत आहे, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या (प्लिमथ याच राज्यात) बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापलेल्या मिळतात. खरी अडचण येते ती घराणं न्यूयॉर्क, ओहायोकडे सरकलं की, तिकडे जन्ममृत्यूच्या नोंदी फार उशिरा सुरू झाल्या, मग जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रंच शोधावी लागतात. अजून एक, १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जॉनच्या मृत्यूची तारीख फेब्रुवारी १६७२/३ अशी दिसते (जुन्या हिशोबाने १६७२, आताच्या हिशोबाने १६७३), ती तशीच उतरवून घ्या.

माझं स्पष्ट मत, बायकांच्या मागे जा. लग्नानंतर आडनाव बदललं की वंशावळ तिथेच तुटते. जॉनची बायको एलिझाबेथ टिली, तिचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेले, पोर तेरा वर्षांची. पुढे कितीतरी वर्षं लोक तिला वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याची नातेवाईक समजत होते, ब्रॅडफर्डचं हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनला सापडलं तेव्हा कुठे ते खोटं ठरलं. तिचं १६८६ चं मृत्युपत्र नक्की वाचा! लेक लिडिया ब्राउनला सगळ्यात चांगली पिसांची गादी, हॅना बॉसवर्थला चादरींची जोडी, एका नातीला चांगली पेटी आणि बिछाना गरम करायचं भांडं, डिझायर कुशमनला चार मेंढ्या. लेकी-नाती बऱ्याचशा सासरच्या आडनावानिशी! एका कागदावर एवढे धागे मिळाल्यावर सून जागची हलेना, मलाही भरून आलं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत पूर्वज सापडल्यावर जसं होतं ना, अगदी तसंच.

प्लिमथमध्ये सँडविच स्ट्रीटवरचं जॉनच्या मुलाचं, जेबेझ हाउलंडचं घर (साधारण १६६७) चुकवू नका, मेफ्लॉवरमधली माणसं खरोखर राहिली असं गावातलं हे एकच घर उभं आहे. हिवाळ्यात बंद असतं, आधी वेळ बघूनच निघा. विन्स्लो स्ट्रीटला सोसायटीची लायब्ररी आहे, तिथे जायच्या आधीही फोन करा. बरियल हिल या टेकडीवरच्या दफनभूमीतल्या जुन्या, स्लेटच्या कबरीच्या दगडांचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात; कागद ठेवून पेन्सिल घासू नका, दगड फार नाजूक झालेत. कोल्स हिलवर वाम्पानोआग (इथले मूळ रहिवासी) लोकांच्या राष्ट्रीय शोकदिनाची पाटी आहे, १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते तिथे जमतात, ती थांबून वाचा. प्लिमथ हे त्यांच्या पटक्सेट गावाच्या जागेवर वसलं, १६१६ ते १६१९ च्या साथीने ते ओस पडलेलं, आणि घराण्याचा इतिहास काढायला निघालोय तर हा भाग गाळून चालणार नाही.

एलिझाबेथची कबर मात्र प्लिमथला नाही, जॉन गेल्यावर शेवटी ती लिडियाकडे स्वानझीला राहिली, तिची कबर ऱ्होड आयलंडमध्ये ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या लिटल नेक सिमेट्रीत आहे. त्याला गाडी लागते, म्हणून प्लिमथ उरकून त्याच दिवशी घाईने जाऊ नका, वेगळा दिवस ठेवा. गाडी नसेल तर बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून किंग्स्टनपर्यंत ट्रेन आहे, पुढे प्लिमथला टॅक्सी करावी लागते, परतीच्या गाड्या कमी असतात तेवढं वेळापत्रक जवळ ठेवा.