जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? आमच्या घरात काय ठरलं

2016 ला माझी बारावी सायन्स झाली. नर्सिंग करायचं एवढं पक्कं होतं, पण त्यातलं कोणतं ते काहीच माहीत नव्हतं. आमचं गाव बीड जिल्ह्यात, आई-आबा दोघं ऊसतोडीला जायचे, ते गेले की घरी मी, आज्जी आणि लहान भाऊ. फीचा विषय निघाला की आबा म्हणायचे मुकादमाकडून (तोडीला मजूर नेणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाढवून घेऊ, अन् मला तिथंच रडू यायचं, कारण ती उचल आईच्याच अंगावर फिटणार हे मी लहानपणापासून बघत आले होते.

गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरताईंनी मला बसवून सगळं सांगितलं. एएनएम म्हणजे सहायक नर्सचा कोर्स, दोन वर्षांचा, आर्ट्सच्या मुलींनाही चालतो, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, आणि बीएस्सी म्हणजे डिग्री, चार वर्षांची, त्याला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं. "तुला स्टाफ नर्स व्हायचंय ना, मग एएनएम डोक्यातून काढ," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. प्रायव्हेट बीएस्सीची फी ऐकूनच आम्ही गप्प बसलो. मधे एक एजंट घरी आला, शेजारच्या राज्यात ॲडमिशन करून देतो, फक्त ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी द्या म्हणे. ताईंनी फोनवरच त्याला विचारलं की कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, कागद दाखव, तर तो परत आलाच नाही. ओरिजिनल कागद कुणाच्या हातात देऊ नका, एवढं तरी माझं ऐका.

शेवटी सरकारी जीएनएमला नंबर लागला. फी कमी, हॉस्टेल तिथंच, आणि आबांनी त्या वर्षी जास्तीची उचल घेतली नाही.

2019 ला पास झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलं आणि एका खाजगी हॉस्पिटलला लागले, मग कोरोना आला, ते दिवस वेगळेच. डिग्री पाहिजेच होती म्हणून 2021 ला पोस्ट बेसिक बीएस्सीला (जीएनएमनंतर करायची डिग्री) गेले आणि तिथं खरं गणित कळलं, कारण ते दोन वर्षं पूर्णवेळ असतं, नोकरी सोडावी लागते, म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षं आणि त्यातली दोन बिनपगारी. चार वर्षांची बीएस्सी सरकारीत मिळत असेल तर तीच घ्या. नसेल मिळत तर जीएनएममध्ये कमीपणा अजिबात नाही, एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेलासुद्धा जीएनएम चालतं, फक्त किमान 50 बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे नोकरी सोडतानाच अनुभवाच्या पत्रावर बेडची संख्या लिहून घ्या, मला त्या एका ओळीसाठी चार चकरा मारायला लागल्या.

आता चुलत बहीण बारावीला आहे. आता नर्सिंगच्या ॲडमिशनला सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आहे, तिची तयारी मीच घेते. सरकारी बीएस्सी पहिली, सरकारी जीएनएम दुसरी, असं ठरलंय. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद काकांकडून दसऱ्याआधीच करून घेतले, कारण एकदा गाडी कारखान्याकडे निघाली की सहीला घरात माणूस नसतं.