गाडर की गाडदी?

आमच्या घरी एक लोखंडी गज आहे. लांबी सव्वातीन फूट, मधोमध थोडा वाकलेला, जाडीला करंगळीहून बारीक. दसऱ्याला पाटावर कोयता, विळा, टेस्टर आणि माझ्या व्हर्नियरच्या शेजारी तो मांडला जातो. हळदकुंकू वाहतात, आपट्याचं पान ठेवतात. वर्षाचे बाकीचे दिवस तो चुलीमागे उभा असतो आणि हिवाळ्यात शेतात भरिताचा बेत ठरला की पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी उलथीपालथी करायच्या कामाला येतो. लहानपणी मी एकदा तो भंगारवाल्याला द्यायला काढला, तेव्हा आजी ओरडली होती, "हाऊ गज बापदादास्ना शे, फेकू नको!"

आमचं आडनाव परदेशी. गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या काठाला. घरातली गोष्ट अशी की मूळपुरुष 'गाडरसाहेबाच्या' पलटणीतला शिपाई होता, वाटेत तापानं आजारी पडला, फौज पुढे निघून गेली आणि तो इथेच राहिला. काका ही गोष्ट दर दसऱ्याला सांगतात. गेल्या काही वर्षांत गोष्टीत घोडाही आला आहे.

मी आयटीआयला फिटर शिकवतो. कुठे आटे दिसले की माझा हात आपोआप थांबतो. चार वर्षांपूर्वी गजाची राख पुसताना बारीक टोकाला आटे दिसले. गंजून बुजलेले, पण आटेच. दुसरं टोक बटणासारखं जाड. वांगी उलथायला आटे कोण पाडेल? चौकशी केली तेव्हा कळलं की हा ठासणीच्या बंदुकीचा गज. जाड टोकानं दारू आणि गोळी ठासायची, बारीक टोकाला मळसूत्र बसवून अडकलेली गोळी किंवा चिंधी ओढून काढायची. कंपनी सरकारच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची असे. सव्वातीन फूट म्हणजे ३९ इंच. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि मी झोपू न दिल्यामुळे बायकोलाही नाही.

गाडर म्हणजे कर्नल गॉडर्ड. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बंगालहून मुंबईकर इंग्रजांच्या मदतीला सहा पलटणी पायी निघाल्या. यमुनेकाठी काल्पीहून १७७८ च्या उन्हाळ्यात निघाल्या तेव्हा त्यांचा प्रमुख लेस्ली होता. तो वाटेत मेला आणि गॉडर्डकडे सूत्रं आली. होशंगाबादला नर्मदा ओलांडून जानेवारी १७७९ च्या अखेरीस ते बुऱ्हाणपूरला पोचले. तोवर वडगावला मुंबईच्या फौजेनं महादजींपुढे हात टेकले होते. गॉडर्डनं मग पुण्याचा नाद सोडला आणि सरळ सुरत गाठली, वीस दिवसांत तीनशे मैल. नकाशा उघडा. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जायचं तर खानदेश तुडवल्याशिवाय गत्यंतर नाही. रोज पंधरा मैल, लढणाऱ्यांच्या कितीतरी पट बाजारबुणगे, बैल, तंबू. त्यात एखादा तापानं फणफणलेला शिपाई मागे राहणं अगदी शक्य आहे. गोष्ट नकाशावर चपखल बसली. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. कार्यशाळेत पोरांना मी रोज सांगतो, की भाग पहिल्याच फटक्यात बसला तर माप पुन्हा घ्या.

मूळपुरुषाचं नाव पलटणीच्या हजेरीत सापडेल असं मला वाटत होतं. कंपनीची कागदपत्रं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि गोऱ्या शिपायाचं त्यात बरंच काही मिळतं: नाव, गाव, कोणत्या जहाजानं आला, कधी मेला. काळा शिपाई मात्र बहुतेक आकड्यातच भेटतो. इतक्या पलटणी, इतके शिपाई, इतके आजारी. त्या 'इतक्या आजाऱ्यां'तला एक आमचा असेल, असं म्हणून मी तो नाद सोडला.

मग घरच्या बाजूनं मागे जायला लागलो. तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, पाहिलं. खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली, कारण 'ज्वर'. त्या काळात अर्धा गाव ज्वरानेच मेलेला दिसतो. त्याच्या मागचं काही नाही. तेही स्वाभाविक आहे. होळकर-शिंद्यांच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात खानदेशातली गावंच्या गावं ओस पडली होती. १८१८ ला इंग्रज आले, तेव्हा ब्रिग्जसाहेबाला आधी वस्ती बसवावी लागली. कागद कोण जपणार?

कागद जपले होते नाशिकच्या उपाध्यायांनी. रामकुंडाजवळ आमच्या गावची नामावळ ज्यांच्याकडे आहे ते गुरुजी शोधायला दोन फेऱ्या गेल्या. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लांबलचक वही काढली. शके १७८३ ची नोंद निघाली, म्हणजे सन १८६१. खापरपणजोबांचे वडील आईच्या अस्थी घेऊन आले होते. मोडीत चार ओळी: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, "मुलूख अंतर्वेद" (म्हणजे गंगा-यमुनेमधला प्रदेश), आणि आज्याच्या नावापुढे एक शब्द. नावं इथे लिहीत नाही. भाऊबंदकीत एका बांधाचा दावा अजून चालू आहे.

तो शब्द गुरुजींनी 'गाडर' असा वाचला. मी फोटो काढला, वहीला नमस्कार केला, दक्षिणा जरा सढळ हातानं ठेवली आणि काकांना तिथूनच फोन लावला. त्या रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'गाडर परिवार' झालं.

फोटो घेऊन धुळ्याला एका मोडी वाचकांकडे गेलो. त्यांना सवड मिळायला दोन महिने लागले, कारण २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला, आणि म्हणाले, "गाडर नाही हो. शेवटचं अक्षर दी आहे. गाडदी."

गाडदी म्हणजे गारदी. पानिपतावर तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी तो शब्द. आणि त्याहून जास्त, ३० ऑगस्ट १७७३ ला थकलेला पगार मागायच्या निमित्तानं शनिवारवाड्यात शिरून नारायणरावाला मारणारे ते गारदी. 'काका मला वाचवा' आणि 'ध चा मा' मराठी मुलाला पाढ्यांच्याही आधी ठाऊक असतो. त्यातला सुमेरसिंग गारदी उत्तरेकडचाच. त्यानंतर कुणा घराण्यानं 'आम्ही गारदी' असं छाती फुगवून सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खरं तर गारदी म्हणजे कवायती पायदळ, पगाराचा शिपाई. निजामाकडे, पेशव्यांकडे, जो पगार देईल त्याच्याकडे. हजारोंपैकी मूठभर वाड्यात शिरले आणि शब्द सगळ्यांचा नासला.

मग 'गाडर' आला कुठून? यासाठी मला घराबाहेर जावं लागलं नाही. पणजोबा पोलिसात होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत बढतीच्या अर्जाची नक्कल आहे, १९१२ सालची. त्यात बाळबोध अक्षरात लिहिलंय की अर्जदाराचे पूर्वज जनरल गाडर साहेब बहादूर यांचे लष्करासमवेत या प्रांती आले. या गोष्टीचा आमच्या घरातला हा सर्वांत जुना कागद. त्याच्या पन्नास वर्षं आधी त्यांच्याच आज्यानं नाशकात गाडदी लिहवून ठेवलं होतं. साहेबापुढे अर्ज करताना गारद्याचा खापरपणतू असण्यापेक्षा गाडरसाहेबाच्या शिपायाचा खापरपणतू असणं केव्हाही बरं. पणजोबांनी मुद्दाम केलं की घरात शब्द आधीच घासून गुळगुळीत झाला होता, हे त्यांनाच ठाऊक. बढती मिळाली, एवढं मात्र खरं.

गजाचं म्हणाल तर तशा बंदुका पेशव्यांच्या पायदळाकडेही गेल्या, संस्थानिकांकडेही, आणि त्या पुढे कित्येक वर्षं बनत होत्या. गजावरून माणूस कुणाचा हे ठरत नाही. माझं मत आता असं आहे की मूळपुरुष गॉडर्डच्या पलटणीत नव्हताच. तो अंतर्वेदातून पोटासाठी आला, मराठ्यांच्या गारद्यांत राहिला, पगार थकला असेल, आणि तापीकाठी बस्तान बसवलं.

काकांना हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून गावी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोडीचा फोटो उलटा धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आधी गाडरकडे होता, तिकडून पळाला, मग गाडदी झाला. दोन्ही खरं." मी म्हटलं, काका, त्याला पुरावा नाही. ते म्हणाले, "घोड्याला तरी कुठे होता?"

ग्रुपचं नाव अजून 'गाडर परिवार'च आहे. मी ॲडमिन आहे, बदलू शकतो. परवा काकूचा त्याच ग्रुपवर निरोप आला: रविवारी भरीत आहे, कळण्याच्या पुऱ्या आहेत, आणि मागच्या वेळी गज शेतातच कोण विसरलं, तो घेऊन यावा.