रत्नागिरीची नजरकैद: थिबा पॅलेस ते पतितपावन, एका दिवसात

रत्नागिरीत इंग्रजी अमलाच्या खुणा बघायच्या म्हणून पुतळे नि घड्याळाचे टॉवर शोधत बसू नका. इथली खरी खूण आहे नजरकैद. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, पावसाळ्यात बोटी बंद, आणि रेल्वे आली ती १९९० च्या दशकात. नको असलेला माणूस दूर ठेवायला याहून सोयीचं गाव कुठलं? जिल्ह्याचं ठाणं १८२२ मध्ये बाणकोटहून इथे हलवलं, आणि पदच्युत केलेला ब्रह्मदेशचा (आजच्या म्यानमारचा) राजा थिबा १८८६ मध्ये आणून इथेच ठेवला. त्याआधी बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडलं होतं. ही त्याचीच उलटी फेरी.

सोमवार टाळा, थिबाच्या राजवाड्यातलं, म्हणजे थिबा पॅलेसमधलं, वस्तुसंग्रहालय बंद असतं. स्टेशन गावाबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

सकाळी दहाच्या सुमारास थिबा पॅलेस गाठा. आतल्या मूर्ती बघाच, पण आधी इमारतीला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. भिंती जांभ्याच्या, वर उतरती कौलं, आणि अर्धगोल लाकडी खिडक्यांवरचं कोरीव काम. या खिडक्यांपाशी पाच मिनिटं थांबा. दगड इथल्या मातीतला, घाट मात्र परका, हे तिथे नीट दिसतं. वाडा १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे राजाची दोन तपं भाड्याच्या बंगल्यांत गेली होती. १९१६ मध्ये तो वारला. एवढ्या मोठ्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं! पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. ऑक्टोबरात उकाडा असह्य होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

तिथून शिवाजीनगरला समाधी. रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा’ म्हणालात तर तो पॅलेसला किंवा पॉइंटला नेऊन सोडेल. ‘थिबा राजाची समाधी’ असं पुरतं सांगा. राजा गेला १९१६ मध्ये, पण दफन झालं १९१९ मध्ये. कुटुंबाला देह मायदेशी न्यायचा होता, सरकारने नेऊ दिला नाही. शेजारी धाकट्या राणीची समाधी आहे. थोरली राणी सुपयालत पुढे रंगूनला परतली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन गेले, पण गावातले पाहुणे फारसे इकडे फिरकत नाहीत. वीस मिनिटं पुरतात.

जेवण दीडच्या आत उरका. दुपारी बाजारपेठ झोपते, आणि खानावळीत उशिरा गेलं तर मासळी संपलेली असते.

दुपारनंतर दुसरी नजरकैद. अंदमानहून आणल्यावर सावरकरांना आधी इथल्या तुरुंगात ठेवलं होतं. तो आजही चालू तुरुंग आहे, बघायला परवानगी लागते. ओळखपत्र जवळ ठेवा, फोन-कॅमेरा आत नेण्याची अपेक्षा धरू नका. परवानगी मिळाली नाही तर तिथे ताटकळू नका, सरळ पतितपावन मंदिरात जा. १९२४ ते १९३७ सावरकर जिल्ह्याबाहेर जाऊ शकत नव्हते आणि राजकारणाला बंदी होती. म्हणून सगळा जोर अस्पृश्यता निवारणावर लागला. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर १९३१ चं. बंदीहुकूम काढणाऱ्यांना हे अपेक्षित नसावं. वेळ उरला तर टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान पाहून घ्या.

संध्याकाळी थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. राजावर पहारा ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, कैद्याचं नाव मात्र रस्त्याला नि रिक्षावाल्याच्या तोंडी. सूर्यास्तानंतर तिथे रिकामी रिक्षा मिळणं कठीण, तेव्हा नेणाऱ्यालाच थांबायला सांगा आणि थांबण्याचे पैसेही आधीच ठरवा.