फोटो असेल तर भाव जास्त

“फोटो असेल तर भाव जास्त, जखमी झाल्याची नोंद असेल तर आणखी.” बर्लिनच्या रविवारच्या जुन्या बाजारात विक्रेते आजोबा कांदे-बटाट्यांचे भाव सांगावेत तसं सांगत होते.

हातात झोल्डबुख, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक जवळ बाळगायचा ते पगार-ओळखपुस्तक. कव्हरवरच्या नाझी चिन्हावर चिकटपट्टी, कायद्याच्या धाकाने.

आत रक्तगट, गॅसमास्कचं माप, लशी, दिलेले बूट-मोजे. नातेवाइकांच्या रकान्यात आईचा पत्ता.

वेअरपास, म्हणजे सैनिकाच्या लष्करी सेवेची नोंदपुस्तिका, वेगळा. तो युनिटकडे राही, सैनिक मेला की घरच्यांना मिळे. नातवंडांनी कपाटं आवरली की येत असावा बाजारात.

मोज्यांचा हिशोब चोख. रशियात त्या युनिटने काय केलं, ते मात्र यात नसतं. संग्राहक तेही शोधतात, की शिक्केच बघतात?